गेलेला खर्च आणि येणारा भाव



फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात दहा पोती कांदा नेला. वजन भरले ५१२ किलो. भाव लागला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हाती राहिले दोन रुपये एकोणपन्नास पैसे, आणि त्यापोटी त्याला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा, धनादेश मिळाला. ही हकिगत वर्तमानपत्रांत आली तेव्हा महाराष्ट्र हळहळला. कांदा पिकवणाऱ्या मुलखाला मात्र तिचे नवल वाटले नाही. वजावट विक्रीपेक्षा जास्त निघाली की माल विकूनही शेतकरीच आडत्याचे देणे लागतो. विक्रीच्या अशा हिशेबाला, म्हणजे पट्टीला, आपल्याकडे ‘उलटी पट्टी’ म्हणतात, आणि शेतकरी चळवळीत हा शब्द जुना आहे.

बार्शीच्या पट्टीवर दोन प्रश्न विचारले गेले. शहरात लोक म्हणाले, एवढा तोटा होता तर माल बाजारात नेलाच कशाला? आणि खेड्यात लोक म्हणाले, खर्च इतका झालेला असताना भाव इतका कमी लागतोच कसा? दोन्ही प्रश्न सरळ मनाने विचारलेले होते आणि दोन्हींची उत्तरे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहेत. मात्र ती कारखान्याच्या उदाहरणांनी आणि आलेखांनी अशी झाकलेली असतात, की कांदा पिकवणाऱ्याच्या मुलाने ते पुस्तक हातात घेतले तरी यात आपल्या घरचा जमाखर्च लिहिला आहे हे त्याला कळत नाही. म्हणून आज कांद्याचाच हिशेब मांडतो.

एक एकर उन्हाळ कांदा धरू. आकडे गोल घेतो, तुमच्या शिवारात ते थोडे इकडेतिकडे होतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टाकून रोप तयार केले, डिसेंबर-जानेवारीत लागवड केली. बियाणे, मशागत, लागवडीची मजुरी, खते, औषधे, खुरपणी, पाणी असे मिळून काढणीला येईपर्यंत ५५ हजार रुपये गेले. एप्रिलमध्ये शंभर क्विंटल कांदा जमिनीत तयार आहे. तो उपटायचा, पात कापायची, गोल्टी म्हणजे बारीक कांदा बाजूला काढायचा, ट्रॉली भरायची, बाजार समितीत न्यायचा, तिथली हमाली-तोलाई भरायची, याला आणखी २५ हजार लागणार. एकूण ८० हजार. म्हणजे क्विंटलला आठशे रुपये खर्च.

आता बाजारात भाव पाचशे आहे. शंभर क्विंटलचे ५० हजार येतील. खर्च ८० हजार, तोटा ३० हजार. ‘मग नेऊ नका’ असे म्हणणारा माणूस इथेच थांबतो. शेतकरी थांबत नाही. कांदा जमिनीतच सोडला तर काढणीचे २५ हजार वाचतील हे खरे, पण आधीचे ५५ हजार गेले ते गेलेच. काढला तर तोटा ३० हजार, न काढला तर ५५ हजार. शेतकरी कांदा काढतो, कारण एप्रिलमध्ये त्याच्या हातात जो निर्णय उरलेला असतो त्यात ५५ हजारांना स्थान नसते. ते बुडीत खाती जमा झालेले असतात. निर्णय फक्त पुढे लागणाऱ्या २५ हजारांचा. भाव अडीचशेच्या वर असेल तोवर काढणी परवडते आणि अडीचशेच्या खाली गेला की उभ्या पिकात रोटर फिरवणे शहाणपणाचे ठरते. दर दोन-तीन वर्षांनी असे फोटो येतात आणि कोणीतरी म्हणते की ही प्रसिद्धीसाठी केलेली नाटके आहेत. त्या माणसाने हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. रोटर फिरवणारा संतापलेला असतो, पण त्याची आकडेमोड चोख असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. आठशे रुपये खर्चाचा माल पाचशेला, चारशेला, तीनशेलाही बाजारात येत राहतो, कारण येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीमागे काढणी आणि वाहतूक एवढाच खर्च अजून व्हायचा असतो. आणि शेतकऱ्याने भावाचा अंदाज बांधून गाडी भरली, पण आवारात पोचेपर्यंत भाव पडला, तर काढणीही बुडीत, भाडेही बुडीत. आता माल परत न्यायचा म्हटले तर पुन्हा भाडे. त्या क्षणी एक रुपया किलोसुद्धा नाकारता येत नाही. बार्शीच्या त्या शेतकऱ्याची अडचण हीच होती.

खर्चाचा तिसरा कप्पा अजून उघडलेला नाही. विहीर, मोटर, पाइपलाइन, कांदाचाळ, त्यांच्यावरचे कर्जाचे हप्ते. कांदा लावला किंवा न लावला तरी हे चालूच राहते. यालाच पुस्तकात स्थिर खर्च म्हणतात. साखर कारखान्यांना हे चांगले ठाऊक आहे. गाळप शंभर दिवस चालले काय आणि दीडशे दिवस चालले काय, बॉयलर तोच, पगार तेच, हप्ते तेच. म्हणून शेजारच्या कारखान्याच्या हद्दीतला ऊसही ते वाहतूक सोसून आणतात. स्थिर खर्च एका हंगामात वसूल होत नाही. तो पाच-सात वर्षांच्या सरासरीत भागावा लागतो. दोन वर्षे मंदीची, दोन साधारण, एक तेजीचे, आणि त्या तेजीच्या वर्षाने मागची चाळ फेडायची, असा कांदा उत्पादकाचा संसार चालतो. या तेजीच्या वर्षाकडे आपण पुढे परत येणार आहोत, कारण माझे सगळे म्हणणे त्याच्याभोवती आहे.

आता दुसरा प्रश्न, भाव कमी का लागतो?

लासलगावच्या कांदा बाजाराच्या आवारात सकाळचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप ओळीने उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो. कोणी वरचा कांदा उचलून दाबून पाहतो, कोणी ट्रॉलीच्या पोटात हात घालून खालचा काढतो, पापुद्रा सुटतो का, मान वाळली आहे का, जोड कांदा किती, गोल्टी किती हे बघतो. पुकारा सुरू होतो, बोली दहा-वीस रुपयांनी चढते, थांबते, भाव पुकारला जातो, चिठ्ठी हातात पडते आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. एवढ्याला मिनिटही लागत नाही. ट्रॉलीचा मालक शेजारी उभा असतो. त्याला कोणीही विचारत नाही की बाबा, तुला खर्च किती आला. व्यापाऱ्याच्या डोक्यात दिल्ली, कोलकात्याहून आलेली मागणी असते, बंदरात जाणाऱ्या कंटेनरचा दर असतो, आज आवारात किती गाड्या आल्या हा आकडा असतो. आजचा भाव त्यातून निघतो.

अर्थशास्त्रज्ञांतही हा वाद शतकभर चालला होता, वस्तूचे मोल खर्चावर ठरते की गिऱ्हाइकाच्या गरजेवर. केंब्रिजच्या आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो बराचसा मिटवला. कात्रीचे कोणते पाते कागद कापते असे विचारण्यात अर्थ नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पण त्यांनी पुढे जे सांगितले ते आपल्या जास्त कामाचे आहे, आणि ते फारसे सांगितले जात नाही. मुदत जितकी कमी, तितका भाव मागणीच्या हातात. मुदत जितकी लांब, तितका खर्चाचा जोर वाढत जातो. आज बाजारात आलेला माल आजच विकायचा असेल तर खर्चाला बोलायला जागाच नाही. पुढच्या हंगामात मात्र खर्च बोलतो. ज्यांचा खर्च भागला नाही ते लागवड कमी करतात, सोयाबीनकडे, मक्याकडे वळतात, आवक घटते आणि भाव वर येतो. खर्च भावाला वर ओढतो खरा, पण त्यासाठी आधी काही माणसांना त्या पिकातून उठवतो. बाजाराच्या या यंत्रणेचे कौतुक करणाऱ्यांनी त्यांचाही विचार करावा.

मागणीकडे बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला साधारण चार-पाच किलो कांदा लागतो. भाव दहा रुपये झाला म्हणून कोणी दहा किलो खात नाही आणि साठ झाला म्हणून फोडणीतून कांदा हद्दपार होत नाही, थोडा कमी पडतो इतकेच. अशा मागणीला पुस्तकात अलवचिक म्हणतात. तिचा परिणाम फार कठोर असतो. खाणारे आपला वापर बदलत नाहीत, मग माल थोडा जास्त झाला तरी तो खपवायला भाव खूप पाडावा लागतो आणि थोडा कमी पडला तर भाव खूप चढावा लागतो. ही गोष्ट आजची नाही. इंग्लंडात चार्ल्स डॅव्हेनंट यांनी १६९९ साली धान्याचा एक तक्ता छापला. तो ग्रेगरी किंग यांच्या नावाने ओळखला जातो. पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशांनी वाढतो, दोन दशांशांनी घटले तर आठ दशांशांनी आणि निम्मे बुडाले तर भावात साडेचारशे टक्क्यांची भर पडते, असे त्यात मांडले आहे. आकडे त्या काळचे आणि धान्याचे, पण वळण तेच. २०१९ च्या पावसाळ्यानंतर लांबलेल्या पावसाने खरिपाचा कांदा शेतात सडला आणि डिसेंबरात शहरांत किलोचा भाव शंभराच्या वर गेला. देशातला सगळा कांदा काही नाहीसा झाला नव्हता. घट मर्यादित होती, चढ मात्र अफाट.

यात काळाची अडचण मिसळते. शेतकरी लागवड ठरवतो तेव्हा त्याच्यासमोर गेल्या हंगामाचा भाव असतो. चांगला भाव पाहून सगळेच लावतात, चार महिन्यांनी सगळ्यांचा माल एकदम येतो, भाव पडतो; पडलेला भाव पाहून सगळेच हात आखडतात आणि पुढच्या खेपेला तुटवडा होतो. जर्मनीत आर्थर हानाऊ यांनी १९२८ मध्ये डुकरांच्या बाजारात हे चक्र दाखवले आणि १९३४ मध्ये निकोलस काल्डोर यांनी त्याला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले, कारण कागदावर रेषा काढत गेले की तसे जाळे उमटते. या चक्राबद्दल शेतकऱ्याला मूर्ख ठरवले जाते. पण शेजारच्या तालुक्यात, मध्य प्रदेशात, गुजरातेत, कर्नाटकात किती लागवड झाली हे त्याला कळायचे कसे? कालचा भाव एवढाच आकडा त्याच्यापर्यंत पोचतो आणि तो त्यावर चालतो.

आता साठवणीकडे येतो, कारण शहरातला सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. आपल्याकडे कांदा तीन हंगामांत येतो. खरिपाचा लाल कांदा, त्यामागून रांगडा आणि मग रब्बीचा उन्हाळ कांदा. यातला फक्त उन्हाळ कांदा टिकतो. एप्रिल-मेमध्ये चाळीत भरलेला हाच कांदा पावसाळा काढून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत देशाला पुरतो. पण चाळ म्हणजे काही शीतगृह नव्हे. बाजूने हवा खेळती राहावी म्हणून फटी ठेवलेल्या, वर पत्रा असलेल्या त्या लांब खोलीत कांदा वजन गमावतो, सडतो, त्याला मोड येतात. पाच-सहा महिन्यांत तीस ते चाळीस टक्के घट ही नेहमीची गोष्ट आहे.

हिशेब करा. मे महिन्यात भाव हजार रुपये क्विंटल आहे. शंभर क्विंटल तेव्हाच विकला तर एक लाख. चाळीत ठेवला आणि ऑक्टोबरात सत्तर क्विंटल उरला, तर तेच एक लाख मिळायला भाव १,४३० लागतो. साठच क्विंटल उरला तर १,६६७. यात सहा महिन्यांचे व्याज नाही, चाळीचा हप्ता नाही, कुजलेला माल वेचून बाहेर काढण्याची मजुरी नाही, आणि भाव पडण्याची जोखीम तर नाहीच नाही. हे सगळे धरले की मे महिन्यातला हजाराचा कांदा ऑक्टोबरात दोन हजारांच्या आसपास गेल्याशिवाय साठवणाऱ्याने काही कमावले असे म्हणता येत नाही. दुप्पट भाव दिसला की वृत्तवाहिन्यांवर साठेबाजी हा शब्द फिरू लागतो. त्या दुपटीतला बराचसा भाग चाळीतल्या घटीचा असतो. सणासुदीत कांदा मिळतो तो कोणीतरी मे महिन्यात विकण्याचा मोह आवरून ही जोखीम अंगावर घेतली म्हणून.

इथे सरकार बाजारात उतरते. अलीकडच्या काही तारखा ओळीने वाचतो. २९ सप्टेंबर २०१९, निर्यातबंदी. उठली मार्च २०२० मध्ये. जून २०२० मध्ये वटहुकूम काढून कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या नेहमीच्या यादीतून वगळला आणि १४ सप्टेंबरला पुन्हा निर्यातबंदी आली. त्यानंतर आठवड्याभराने संसदेने तो वटहुकूम कायदा म्हणून मंजूर केला आणि ऑक्टोबरात सरकारने व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा घातली, घाऊक व्यापाऱ्याला पंचवीस टन. १९ ऑगस्ट २०२३, निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला आठशे डॉलर किमान निर्यात दर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण बंदी, ती मे २०२४ पर्यंत. मग पुन्हा शुल्क, आधी चाळीस आणि सप्टेंबरपासून वीस टक्के, ते अखेर १ एप्रिल २०२५ ला उठले.

या तारखांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक बंधन भाव चढताना आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव रुपयावर आला तेव्हा काय झाले? राज्य सरकारने क्विंटलला साडेतीनशे रुपये अनुदान दिले, तेही दोनशे क्विंटलच्या मर्यादेत. त्याबद्दल कृतज्ञ राहावे. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, चाळीतला कांदा जरा कुठे घट भरून काढू लागला तोच, चाळीस टक्के शुल्क आले. आणि डिसेंबरातली बंदी तर लाल कांद्यावर कोसळली. तो टिकत नाही, चाळीत जात नाही, काढला की आठ-पंधरा दिवसांत विकावाच लागतो. ज्या मालाला थांबता येत नाही त्याचा परदेशाचा रस्ता एका रात्रीत बंद केला की सगळा भार देशातल्या बाजारावर पडतो, आणि अलवचिक मागणीचा नियम आता खालच्या दिशेने तितक्याच निर्दयपणे चालतो.

तेजीच्या वर्षाकडे परत येतो असे म्हणालो होतो. मंदीची वर्षे बाजार देतो, ती टाळता येत नाहीत. त्यांची भरपाई तेजीने व्हायची असते. सरकारने दर वेळी तेजीचे शेंडे छाटले, तर सरासरी भाव सरासरी खर्चाच्या खाली जातो. मग चाळ बांधायला कोणी धजत नाही, जुनी चाळ दुरुस्त होत नाही, साठवण कमी होते, आणि साठवण कमी झाली की ऑक्टोबरातला तुटवडा वाढतो. म्हणजे ज्या भाववाढीला आळा घालायला बंदी घातली, तीच पुढच्या वर्षी अधिक जोराने येते. शहरातल्या गृहिणीच्या बाजूनेही मी हेच म्हणेन. कांद्याचा किलोचा भाव तिशीवरून ऐंशीवर गेला तर महिन्याच्या पाच किलोंमागे तिच्या घराला अडीचशे रुपये जास्त लागतात. गरीब घराला हे जड जाते, आणि त्या घराला थेट मदत करणे सरकारला शक्य आहे. तिची अडीचशे रुपयांची अडचण पिकवणाऱ्याच्या पाच वर्षांच्या सरासरीतून भागवणे हा न्याय नव्हे.

परदेशचे गिऱ्हाईकही यात तुटते. बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, आखाती देश हे आपले जुने ग्राहक. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतल्या उद्योजकांच्या सभेत हिंदीतून म्हटले होते की आधी कळवले असते तर बरे झाले असते. हसत बोलल्या, पण म्हणणे रास्त होते. असे गिऱ्हाईक दुसरीकडे माल शोधते, स्वतःच्या देशात लागवड वाढवते आणि बंदी उठल्यावर लगेच परत येत नाही.

मग खर्चावर आधारित भावाच्या जुन्या मागणीचे काय? स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून शेतकरी नेते शरद जोशी चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले आणि १९८० च्या कांदा आंदोलनातून उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव ही मागणी महाराष्ट्रभर गेली. ती मागणी न्यायाची आहे असे मी मानतो. मात्र ती ऐकताना अनेकांना वाटते की सरकारने खर्च मोजावा आणि तेवढा भाव द्यावा. गहू-तांदूळ कोठारात राहतो, तिथे हे काही अंशी जमते. कांदा सरकारी गोदामातही तसाच सडतो. २०१९ च्या तुटवड्यात परदेशातून मागवलेला कांदा जानेवारीत पोचला तोवर देशातला नवा माल बाजारात आला होता आणि अनेक राज्यांनी तो उचलायला नकार दिला. शिवाय कोणाचा खर्च धरायचा? बागायतीचा की टँकरने पाणी घालणाऱ्याचा? रोख गेलेला पैसा तेवढाच धरायचा, की घरच्या बाईमाणसाने केलेल्या खुरपणीची मजुरीही, की त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याजही? कृषिमूल्य आयोगाच्या तक्त्यांत हे तीन वेगळे आकडे असतात आणि त्यांतले अंतर मोठे असते. जोशींचा सगळा रोख सरकार भाव पाडते यावर होता. ते त्याला उणे सबसिडी म्हणत. सरकारने भाव दिला नाही तरी चालेल, पाडू तरी नये, हे म्हणणे कांद्याच्या बाबतीत मला आजही सर्वांत व्यवहार्य वाटते.

म्हणून माझे मागणे लहान आहे. निर्यातीचे धोरण रब्बीचे बी टाकण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास जाहीर व्हावे आणि पुढचा दसरा येईपर्यंत बदलू नये. शुल्क लावायचेच असेल तर तेव्हाच लावा, म्हणजे शेतकरी तो आकडा धरून किती वाफे पाडायचे ते ठरवेल. आणि दुसरे काम तर दिल्लीचे नाहीच. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी स्वतः मोबाइलवरून आपल्या गटातले पीक नोंदवतो. म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस कुठल्या तालुक्यात किती हेक्टर कांदा उभा आहे हे सरकारदप्तरी येऊन पडलेले असते. बाजार समित्यांनी तो आकडा मागून घ्यावा आणि आवारात जिथे रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव लिहितात, त्याच फळ्यावर तो लिहावा. शेजारी गेल्या वर्षीचा आकडाही लिहावा. मे महिन्यात चाळ भरायची की ट्रॉली रिकामी करून जायचे, हे ठरवणाऱ्या माणसाला कालच्या भावाखेरीज आणखी काहीतरी वाचायला मिळेल. या सभागृहात बाजार समितीचे संचालक बसले आहेत. येत्या मार्चपासून हे सुरू करायला त्यांना मुंबईची किंवा दिल्लीची परवानगी लागत नाही.